उद्यम खरे, पण सवलत लागू आहे का? निविदेतल्या एमएसई दाव्यावर हरकत घेताना

समोरच्या बोलीदाराचे उद्यम प्रमाणपत्र (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा दाखला) खरे असणे वेगळे आणि या निविदेत त्याला एमएसईची, म्हणजे सूक्ष्म व लघु उद्योगाची, सवलत लागू होणे वेगळे. हा फरक हरकतीत दिसला नाही, तर खरेदी अधिकारी पोर्टलवर उद्यम क्रमांक टाकतो, तो खरा निघतो आणि तुमचा अर्ज फाइलला लागतो.

आधी निविदा कोणाची आहे ते पाहा. मिरजेतली रेल्वे, टपाल खाते, बीएसएनएल अशा केंद्राच्या खरेदीला 2012 चा एमएसई खरेदी धोरण आदेश लागतो. जिल्हा परिषद किंवा राज्याच्या कार्यालयाची खरेदी असेल तर राज्याची 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाची खरेदी नियमपुस्तिका आणि त्या निविदेतली अट वाचा. तिथे केंद्राच्या आदेशाचा हवाला देऊन भागत नाही. पुढचे सगळे केंद्राच्या खरेदीबद्दल आहे.

मग आकडे मांडा. समजा, बाहेरच्या मोठ्या कंपनीचा एल-1, म्हणजे सगळ्यात कमी, दर 8,00,000 रुपये आहे. त्यावर 15 टक्के, म्हणजे 9,20,000 पर्यंतच्या एमएसईला एल-1 च्या दराला उतरून किमान 25 टक्के पुरवठा मिळू शकतो. माल विभागता येत नसेल तर पूर्ण ऑर्डरही मिळू शकते. साताऱ्यातल्या एका विक्रेत्याने 8,60,000 भरले, कुपवाड एमआयडीसीत रॅक बनवणाऱ्या तुम्ही 8,90,000. त्याचा दावा गळाला तर संधी तुमची. पण तो साताऱ्याचा विक्रेताच एल-1 असेल तर त्याने खरेदीतले प्राधान्य घेतलेलेच नाही. मग फक्त बयाणा रकमेची (बोलीसोबत भरायच्या अनामतीची) माफी तपासायची उरते. जेमवर (केंद्राच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवर) ही माफी एमएसईखेरीज इतर कारणांनीही मिळते, तेव्हा त्याने कोणते कारण दिले आहे ते आधी बघा.

सगळ्यात भक्कम मुद्दा व्यापाऱ्याचा. 2 जुलै 2021 पासून घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती. खरेदी धोरणाचा लाभ त्यांना नाही. जेमच्या बिडमध्येही बहुधा स्पष्ट लिहिलेले असते की, प्राधान्य हवे असेल तर बोलीदार त्या वस्तूचा उत्पादक हवा. प्रमाणपत्रावरचे एनआयसी कोड (व्यवसायाच्या प्रकाराचे सरकारी क्रमांक) बघा: 45, 46, 47 ने सुरू होणारे व्यापाराचे, 10 ते 33 उत्पादनाचे, फर्निचरचा 31. प्रमाणपत्रावर 'मॅन्युफॅक्चरिंग' छापलेले असले तरी कोड मसाल्याचा आणि बोली रॅकची, असेही सापडते. जोडीला जीएसटी पोर्टलवर त्याचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) टाका. व्यवसायाच्या स्वरूपात कारखाना किंवा उत्पादनाचा उल्लेख नसून नुसता घाऊक-किरकोळ व्यापार असेल, तर त्या पानाची तारखेसकट प्रिंट काढा.

उलाढालीचा मुद्दा ऐकायला जोरदार, पण टिकायला अवघड. 1 एप्रिल 2025 पासून लघु उद्योगाची मर्यादा गुंतवणूक 25 कोटी, उलाढाल 100 कोटी. त्याच्या सीएच्या दाखल्यात 118 कोटी दिसले म्हणून हुरळून जाऊ नका: निर्यात वजा होते, आणि वरच्या वर्गात गेल्यावरही करेतर सवलती तीन वर्षे चालू राहतात. 'बायकोच्या नावाची फर्म, खरा धंदा नवऱ्याचा' हा तर्कही चालत नाही. एका पॅनखालची सगळी युनिट एक उद्योग धरतात; वेगळा पॅन म्हणजे वेगळा उद्योग.

जेमवर तांत्रिक मूल्यमापनानंतर इतरांची कागदपत्रे दिसतात आणि हरकतीची मुदत दिवसांत मोजण्याइतकी असते. ती बिडच्या कागदातच पाहून ठेवा. हरकत पोर्टलवर टाकाच, शिवाय सहीची प्रत कार्यालयात देऊन आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. मजकूर एका पानात बसवा:

"बिड क्रमांक अमुक. बोलीदार तमुक यांनी एमएसई प्राधान्याचा दावा केला आहे. त्यांच्या उद्यम प्रमाणपत्रावर एनआयसी 46 असून रॅकच्या उत्पादनाचा कोड नाही (जोडपत्र 1). जीएसटी नोंदीत व्यवसाय घाऊक विक्री असा आहे (जोडपत्र 2). निविदेतील कलम अमुक नुसार व्यापारी प्राधान्यास पात्र नाहीत. दावा तपासून कारणांसह निर्णय कळवावा व तोपर्यंत पुरवठा आदेश देऊ नये."

हेतूवर, नात्यागोत्यांवर, 'सेटिंग'वर एक शब्द नको. तुमचीच बोली नाकारली असेल तर तेही विचारा. सामान्य वित्तीय नियम 2017 च्या नियम 173 प्रमाणे बोलीदाराने विचारल्यास नाकारण्याची कारणे सांगावी लागतात.

उद्यम नोंदणीतली माहितीच खोटी असेल, तर तो अर्ज संबंधित जिल्ह्याच्या जिल्हा उद्योग केंद्राच्या महाव्यवस्थापकांकडे. ते चौकशी करून अभिप्राय राज्याच्या उद्योग संचालक, आयुक्त किंवा सचिवांकडे पाठवतात, तिथे त्या उद्योगाला नोटीस व सुनावणी मिळते, आणि रद्द करायची असेल तर केंद्राकडे शिफारस जाते. या वाटेने चालू ऑर्डर थांबेल अशी आशा धरू नका. खरेदीदाराकडची हरकत आणि हा अर्ज एकाच दिवशी द्या; अर्जाची पोच हरकतीला जोडली तर वजन पडते.

माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, पण साधी मुदत 30 दिवसांची, आणि त्रयस्थाची माहिती असल्याने त्याला नोटीस गेली की 40. पुरवठा आदेश त्याआधीच निघतो.

उरते रिट याचिका. सातारा-सांगलीकरांना त्यासाठी आता मुंबईला जाण्याऐवजी उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे, 18 ऑगस्ट 2025 पासून. न्यायालय दरांची तुलना करत बसत नाही. निविदेची अट डावलली का, निर्णय मनमानी आहे का, एवढेच पाहते. माल उतरून झाल्यावर गेलात तर हाती फारसे लागत नाही. वकिलाकडे जाताना बिडचा कागद, दोन्ही जोडपत्रे आणि आवक शिक्क्याची ती प्रत घेऊन जा.