बिअर लोकल घ्यायची का इम्पोर्टेड? कोल्हापुरात बाटली निवडताना काय काय बघायचं

बिअर शॉपीच्या काउंटरवर उभं राहून "इम्पोर्टेड काय हाय?" असं विचारणारे आता कोल्हापुरात बरेच झालेत. राजारामपुरी घ्या, ताराबाई पार्क घ्या, फ्रीजमध्ये एक कप्पा तरी परदेशी नावांचा असतोयच. दुसऱ्या बाजूला किंगफिशर सोडून कशालाच हात न लावणारी मंडळी पण आहेत. माझं दोघांनाही एकच सांगणं आहे, देश नंतर बघा, आधी तारीख बघा. ताजी लोकल बिअर शिळ्या इम्पोर्टेडपेक्षा कधीही भारी लागते, आणि आपल्या गावात इम्पोर्टेड शिळी असायचा चान्स जास्त, कारण ती खपते कमी.

पहिलं काम म्हणजे बाटली हातात घ्यायची आणि मागची बाजू वाचायची. हायनेकन, कार्ल्सबर्ग, टुबोर्ग, बडवायझर ही नावं परदेशी, पण आपल्याकडं मिळणाऱ्या या बाटल्या साधारण भारतातच भरल्या जातात. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज पट्ट्यात बिअरचे मोठमोठे कारखाने आहेत, इकडं तळोजाला पण आहे. म्हणजे नाव डेन्मार्कचं आणि पाणी मराठवाड्याचं. उलट किंगफिशर आपण एकदम देशी समजतो, पण ती बनवणारी युनायटेड ब्रुअरीज 2021 पासून हायनेकनच्या ताब्यात आहे. त्यामुळं नुसत्या नावावर जाऊन काही कळत नाही. खरी इम्पोर्टेड असेल तर लेबलवर नाहीतर वरनं चिकटवलेल्या स्टिकरवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कुठल्या देशात बनली ते छापलेलं असतं. ते नाही आणि उत्पादकाचा पत्ता महाराष्ट्रातला दिसतोय, तर ती इथलीच. इथली म्हणून वाईट असं अजिबात नाही, उलट ताजी मिळायची शक्यता जास्त, फक्त आपण काय घेतोय ते माहीत असावं.

आता तारखेचं. गोकुळची पिशवी घेताना आपण तारीख बघतो तशीच इथं पण बघायची. भारतात बनलेल्या बहुतेक लागरवर, म्हणजे किंगफिशरसारख्या साध्या सोनेरी बिअरवर, सहा महिन्यांची मुदत असते, इम्पोर्टेडवर वर्षाची किंवा त्याच्या आसपास. पण मुदत संपली नाही म्हणजे चव चांगलीच आहे असं नसतं. बिअर बाटलीत भरली त्या दिवसापासनं हळूहळू उतरत जाते, हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, वास आधी जातो, मग आत राहिलेल्या थोड्याशा ऑक्सिजनमुळं ओल्या पुठ्ठ्याची चव यायला लागते, आणि उष्णतेत हे सगळं लय लवकर होतं. जर्मनीतनं निघालेली बाटली जहाजाच्या कंटेनरमध्ये, मग बंदरावर, मग गोडाऊनमध्ये, मग ट्रकमधनं हायवेनं आपल्याकडं येते, त्यात एप्रिल-मे सापडला की संपलं. म्हणून माझा हिशोब सोपा आहे, लोकल असेल तर दोन-अडीच महिन्यांच्या आतली घ्यायची, इम्पोर्टेड असेल तर निम्मी मुदत तरी शिल्लक पाहिजे. दुकानदाराला "मागचा बॉक्स काढ की जरा" म्हणायला लाजू नका, आपण पैसे मोजतोय.

बाटलीचा रंग पण बघा. हॉप्समधल्या कडवट घटकांवर ऊन किंवा ट्यूबलाइटचा उजेड पडला की त्यातनं गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि बिअरला उग्र वास मारायला लागतो. तपकिरी काच हे बऱ्यापैकी अडवते, हिरवी कमी आणि पारदर्शक काच तर जवळपास काहीच अडवत नाही. शोकेसमध्ये लाइटखाली महिनोन्महिने मांडलेली हिरवी बाटली कितीही देखणी दिसू दे, ती घेऊ नका. त्याच ब्रँडचा कॅन मिळत असेल तर डोळे झाकून कॅन घ्या, त्यात उजेड जातच नाही. कॅनची बिअर हलकी असते असा आपल्याकडं एक समज आहे, त्याला काही अर्थ नाही.

मग इम्पोर्टेडवर पैसे घालायचेच नाहीत का? घालायचे, पण जी चव इथं सहज मिळत नाही तिच्यासाठी. नुसती हलकी लागर बाहेरनं आणून जास्त पैसे मोजण्यात मला काही दम दिसत नाही, किमतीतला मोठा भाग आयात शुल्क, राज्याचे कर आणि वाहतुकीतच जातो, ग्लासात काही वेगळं येत नाही. पण जर्मन गव्हाची बिअर, म्हणजे एर्डिंगर किंवा पाउलानरसारखी, ही वेगळीच चीज आहे. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास असतो, आणि त्यात केळं-लवंग काही घातलेलं नसतं, सगळी करामत यीस्टची. बेल्जियमच्या पद्धतीच्या व्हीट बिअरमध्ये, म्हणजे हुगार्डनमध्ये, खरोखरच धणे आणि संत्र्याची साल असते. आणि गिनेससारखी काळी स्टाउट, भाजलेल्या बार्लीमुळं कॉफीसारखी कडवट, डब्लिनला 1759 पासनं चालत आलेलं नाव. या तीन तऱ्हा एकदा तरी मूळच्या पिऊन बघा. व्हीट बिअर लोकल पाहिजे तर बिरा व्हाइट, मिळाली तर रोजच्याला बरी. आणि पुण्याला जाणं झालं तर मायक्रोब्रुअरीत जाऊन बसा, तिथं 2009 मध्ये दूलालीनं सुरुवात केली, तेव्हापासनं आणखी बरीच ठिकाणं झाली. जिथं बनली तिथंच नळातनं ग्लासात, यापुढं कुठलीही इम्पोर्टेड बाटली फिकी आहे असं माझं स्पष्ट मत.

गोव्याचं पण बोलायला पाहिजे कारण आंबोलीनं नाहीतर गगनबावड्यानं गोव्याला जाणं आपल्या पोरांचं चालूच असतं आणि येताना डिकी भरून आणायचा मोह होतो. आणू नका. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, बिअर त्यात आलीच, घाटाखाली-वर एक्साइजवाले गाड्या तपासतात. आणि उन्हात तापलेल्या डिकीत सात-आठ तास शिजलेली बिअर तशीही बिघडलेलीच असते. गोव्यातली क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या कारखान्यांतली, गोव्यातच गार असताना प्या.

आता स्ट्राँग का माइल्ड. आपल्याकडं खप स्ट्राँगचा, पण हिशोब एकदा नीट समजून घ्या. 650 मिलीची बाटली, अल्कोहोल 8 टक्के, म्हणजे आत 52 मिली निव्वळ अल्कोहोल. 330 मिलीचा पाइंट, 5 टक्के, म्हणजे साडेसोळा मिली. एका स्ट्राँग बाटलीत असल्या तीन पाइंटपेक्षा जास्त माल आहे. "एकच तर घेतली" म्हणणाऱ्यानं काय घेतली ते बघावं लागतं. गाडी चालवायची असेल तर एकही नको, मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणं 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमची मर्यादा आहे आणि पहिल्याच वेळेला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंग किंवा दोन्ही होऊ शकतं. महाराष्ट्रात पिण्याचा परवाना लागतो आणि माइल्ड बिअरसाठी वय कमीत कमी 21, हे पण लक्षात असू दे. चवीसाठी पिणार असाल तर स्ट्राँग बाजूलाच ठेवा, त्यात अल्कोहोल वाढवायला बऱ्याचदा साखर नाहीतर सिरप वापरतात आणि अल्कोहोलचा चटका बाकी सगळं झाकून टाकतो.

घरी आणल्यावर बाटली उभी ठेवा, फ्रीजच्या दारात नको, आतल्या कप्प्यात. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ, पंधरा-वीस मिनिटांत गार. फ्रीझरमध्ये टाकून विसरलात तर बाटली फुटते. लागर 4 ते 7 डिग्रीला छान लागते, स्टाउट मात्र एवढी गार नको, फ्रीजमधनं काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा मग तिची चव उघडते. ग्लास स्वच्छ पाहिजे, तेलकटपणा किंवा साबण राहिला की फेस बसतो. ग्लास तिरका धरून ओतायचं, शेवटी सरळ करून दोन बोटं फेस आणायचा. गव्हाच्या बिअरमध्ये थोडी तळाला ठेवायची, बाटली हलकेच फिरवायची आणि तो गढूळ भाग पण ग्लासात घ्यायचा, चव त्यातच असते.

राहिलं जेवण, आणि कोल्हापुरात हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा. तिखटावर कडवट किंवा स्ट्राँग बिअर घेतली की जाळ आणखी वाढतो, अल्कोहोल आणि जास्त गॅस दोन्ही तोंड भाजवतात. म्हणून तांबड्या रश्शाबरोबर व्हीट बिअर घ्या, तिचा गोडसरपणा तिखट सावरून घेतो आणि हुगार्डनसारखी असेल तर धण्याचा वास मसाल्याशी एकदम जुळतो. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध आणि खसखस, तो सौम्य आणि दाट, त्याला साधी माइल्ड लागर पुरते, जीभ धुतल्यासारखी होते. सुक्क्या मटणाला स्टाउट, कारण कांदा-लसूण मसाल्यातलं भाजलेलं खोबरं आणि बार्लीचा भाजका वास एकाच घराण्यातले, हे जमलं की खरंच नाद खुळा. भडंग, खारे शेंगदाणे असल्या चाखण्याला ताजी किंगफिशर प्रीमियम बास. फक्त दोन बिअरची चव ताडून बघायची असेल तेव्हा भडंग लांब ठेवा, मध्ये साधा पाव आणि पाणी घ्या, माइल्ड आधी प्या, काळी शेवटी, आणि बाटल्या कागदात गुंडाळून दुसऱ्याला ओतायला सांगा.