उलटसुलट वाक्य: आधी शेवट शोधा

सैनिक स्कूलच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करताना बेळगाव-खानापूरकडची मराठी शाळेतली मुलं विस्कटलेल्या वाक्यात अडकतात, कारण ती पहिला तुकडा शोधत बसतात. सुरुवात शेपटाकडून करावी. उदाहरणार्थ:

(क) पाणी आल्यामुळे (ख) आमची बस (ग) खानापूरजवळच्या पुलावर (घ) अर्धा तास थांबली

पर्याय: खकगघ, गकखघ, घखगक, कगखघ.

१. क्रियापद असलेला तुकडा शेवटी टाका. इथे ‘घ’. घखगक लगेच बाद.
२. एकमेकांना चिकटणारी जोडी धरा. पाणी कुठे आलं? पुलावर. म्हणजे ‘ग’च्या मागोमाग ‘क’.
३. ही जोडी आहे त्या पर्यायावर खूण करा: गकखघ. मग एकदा मनात वाचा, बस्स.

‘आमची बस’ आधी घेऊनही वाक्य बरोबरच होतं, पण ती मांडणी पर्यायांत नाही. म्हणून वाक्य पूर्ण जुळवून मग पर्याय बघायची सवय मोडाच; वेळ तिथेच जातो.

इंग्रजी वाक्याला मात्र ही युक्ती लावू नका. मराठीत आणि कन्नडमध्ये क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपल्याकडची मुलं ‘रवी टू स्कूल गोज’ असं सहज लिहून टाकतात. तिथे आधी कर्ता, लगेच क्रियापद: ‘रवी गोज टू स्कूल बाय बस’. प्रश्नार्थक वाक्य असेल तर ‘डज’, ‘इज’ असले शब्द कर्त्याच्याही आधी येतात. शेवटी प्रश्नचिन्ह आहे का, ते आधी पाहून घ्या.