परक्या हवेत सुरी कोणत्या तेलात ठेवावी

परदेशात नव्याने घर मांडणाऱ्या माणसाला सुरीच्या तेलाचा विचार क्षुल्लक वाटेल. मलाही तो वाटला होता. येथे येताना मी कार्बन पोलादाची एक जुनी सुरी सामानाच्या पेटीत घातली आणि ती गंजू नये म्हणून सूर्यफुलाच्या तेलाचा सढळ हात फिरवून सुती फडक्यात गुंडाळली. पेटी जहाजाने आली आणि आल्यावरही काही आठवडे बंदच राहिली. उघडली तेव्हा पात्यावर पिवळसर, चिकट पापुद्रा बसला होता, जो खरवडला असता नखातच रुतत होता. आणि फडक्याच्या घड्या जिथे पात्याला टेकल्या होत्या, तिथे गंजाच्या तांबूस रेघा उमटल्या होत्या. तेल मी भरपूर लावले होते, पण ते या कामाचे नव्हते.

मूळ घरी हीच सुरी रोज हाताळली जात असे. रोज धुतल्या-पुसल्या जाणाऱ्या पात्यावर कोणते तेल आहे याने फारसे बिघडत नाही, कारण ते तेथे दोन दिवसांहून अधिक टिकतच नाही. नव्या जागी दिनक्रम बदलतो. सुरी आठवडाभर खणात पडून राहते, थंडी असेल तर खिडक्या बंद असतात, आणि घरातली वाफ बाहेर न जाता गार धातूवर दवासारखी जमते. म्हणून तेल निवडताना ते लावल्याच्या दिवशी कसे दिसते यापेक्षा महिन्याभराने त्याचे काय होते, हे आधी पाहावे.

वनस्पतिजन्य तेलांतील असंतृप्त मेदाम्ले हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि हळूहळू एकमेकांना जोडली जाऊन त्यांचे कडक पटल बनते. चित्रकार तैलरंगांत जवसाचे तेल वापरतात ते याच गुणासाठी. सुरीवर मात्र तोच गुण दोष ठरतो. हा कल मोजण्यासाठी रसायनशास्त्रात आयोडिन मूल्य वापरतात. जवसाच्या तेलाचे हे मूल्य साधारण १७० ते २००, नेहमीच्या सूर्यफुलाच्या तेलाचे १२० ते १४०, शेंगदाण्याच्या तेलाचे ८५ ते १०५, तर खोबरेल तेलाचे अवघे ६ ते ११ असते. आकडा जितका मोठा, तितके तेल लवकर चिकट होते. शेंगदाण्याचे तेल कडक पटल धरत नाही, पण कालांतराने खवट होते आणि खवटपणाबरोबर त्यात निर्माण होणारी आम्ले धातूला मानवत नाहीत.

या हिशेबाने खोबरेल तेल उत्तम ठरायला हवे, आणि उष्ण हवेत ते ठीकही आहे. अडचण इतकीच की सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली ते थिजते. सपाट पात्यावर थिजलेला थर फारसा नडत नाही, परंतु घडीच्या चाकूच्या सांध्यात तोच थर मेणासारखा घट्ट होतो आणि चाकू उघडताना हाताला अडखळल्यासारखे जाणवते. थंड देशात स्थिरावणाऱ्यांनी ही सवय मागेच ठेवावी.

माझी शिफारस खाद्यसंपर्कास योग्य अशा शुद्ध खनिज तेलाची आहे. हे रंगहीन, गंधहीन तेल औषधांच्या दुकानांत लिक्विड पॅराफिन या नावाने मिळते, कारण ते रेचक म्हणूनही वापरले जाते. लाकडी पाट किंवा चिरण्याच्या फळ्यांसाठी विकले जाणारे तेलही पुष्कळदा हेच असते, मात्र त्यात मेण मिसळलेले नाही ना, हे वेष्टनावर वाचावे. ते संतृप्त हायड्रोकार्बनांचे बनलेले असल्याने वाळत नाही, खवटही होत नाही. लहान मुलांच्या अंगाला लावायचे सुगंधी तेलही बव्हंशी खनिज तेलच असते, पण ज्या पात्याने खाण्याची वस्तू कापायची त्याला अत्तराचा वास कशाला हवा? यंत्रांच्या वंगणावर ‘एच१’ अशी खूण असेल तर ते अन्नाशी अभावितपणे होणाऱ्या अल्प संपर्कासाठी मान्य असते, एवढाच तिचा अर्थ घ्यावा.

जपानी सुऱ्यांबरोबर कॅमेलियाच्या बियांचे तेल सुचवले जाते, ज्याला तिकडे त्सुबाकी म्हणतात. त्यात ओलेइक आम्लाचे प्रमाण मोठे असल्याने ते इतर वनस्पती तेलांपेक्षा सावकाश बिघडते आणि पात्यावर छान पसरते. मात्र बाटलीवर फुलाचे चित्र असले तरी आत कधीकधी सुगंध घातलेले खनिज तेलच असते. घटक वाचल्याशिवाय त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

डब्ल्यूडी-४० हा फवारा १९५३ मध्ये पाणी हटवण्यासाठी तयार झाला आणि त्याच्या नावातील इंग्रजी आद्याक्षरे तेच सांगतात. भिजलेल्या हत्याराच्या फटींतील पाणी बाहेर काढायला तो चांगला आहे, पण त्याचा बराचसा भाग उडून जातो, मागे राहणारा थर पातळ असतो, आणि खाण्याच्या वस्तूंना लागणाऱ्या पात्यावर तो वापरू नये. शिवणयंत्राचे तेलही तसेच अवजारांच्या चाकूपुरते ठेवावे. तेथे मात्र ते फार गुणी आहे.

स्टेनलेसची सुरी असेल तर तेलाची गरज नाही, असे समजू नका. अशा पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते आणि त्याच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म आवरण पात्याचे रक्षण करते. परंतु खारट पाणी बराच वेळ साचून राहिल्यास ते आवरण जागोजागी भेदले जाऊन टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. रोजच्या स्टेनलेस सुरीला धुऊन कोरडी करणे पुरते. महिनोन्‌महिने ठेवून द्यायची असेल तर तिलाही तेल लावावे.

लावण्याची रीत तेलाइतकीच महत्त्वाची आहे. पाते आणि मूठ जिथे भेटतात त्या सांध्यात पाणी लपते, म्हणून धुतल्यावर सुरी पुसून काही वेळ उघड्यावर आडवी ठेवावी. ओलाव्यावर तेल लावले तर पाणी आत कोंडले जाते. नंतर फडक्यावर एकच थेंब घेऊन पात्याच्या पाठीकडून धारेकडे, बोटे धारेच्या वाटेत येऊ न देता, पुसत न्यावे. थर इतका पातळ हवा की पात्यातील दिव्याचे प्रतिबिंब किंचित धूसर व्हावे. पात्याच्या सपाट बाजूला टेकवलेल्या बोटाचा ठसा स्पष्ट उमटला तर तेल जास्त झाले आहे, तेव्हा कोरड्या फडक्याने पुन्हा पुसावे. जास्तीचे तेल धूळ धरते आणि त्याचे किटण होते.

घडीच्या चाकूच्या सांध्याला हे अधिकच लागू पडते. खिशातील कापसाचे तंतू तेलाला चिकटून त्यांची काळी लगदी बनते आणि मग आपण तेल कमी पडले असे समजून आणखी तेल ओततो. आधी सांधा साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण सुकवावा, सुईच्या टोकावर घेतलेला एक थेंब फटीत सोडावा, आणि चाकू दहा-बारा वेळा उघडून मिटावा. बाहेर आलेले तेल टिपून घ्यावे.

मायदेशी जाताना सुरी दोन-तीन महिने बंद घरात राहणार असेल, तर खनिज तेलावर विसंबण्यापेक्षा पेट्रोलियम जेलीचा किंवा सूक्ष्मस्फटिकी मेणाचा हलका थर चांगला, कारण तो ओघळून खाली उतरत नाही. चामड्याच्या म्यानात मात्र ठेवू नये. चामडे ओलावा धरून ठेवते आणि कमावताना वापरलेली आम्ले व क्षार पात्याला लागतात.

गंज आलाच असेल तर आधी रंग पाहावा. कार्बन पोलादावर येणारी निळसर-करडी झाक तशीच राहू द्यावी, ती पात्याला थोडाफार आधारच देते. तांबूस, बोटाला लागणारा गंज मात्र काढलाच पाहिजे. मी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याची दाट लगदी बाटलीच्या बुचाने घासली. तेलाचा पापुद्रा जायला दोन संध्याकाळी लागल्या, त्यामागून रेघाही गेल्या. मुठीजवळ दोन बारीक खळगे तेवढे राहिले आहेत, आणि सुरी पुसून ठेवताना फडक्याचा तेलकट कोपरा मी तेथे पुन्हा एकदा दाबतो.