फ्लेक्स छापताय? आधी या चुका टाळा

‘भावा, मॅटर व्हॉट्सॲपवर टाकलंय, तासाभरात फ्लेक्स पाहिजे.’ मॅटर एकदा वाचलंय का, असं विचारलं की गिऱ्हाइकाला राग येतो.

सगळ्यात महाग पडते ती मोबाइलवरचा मजकूर उचलून थेट डिझाइनमध्ये चिकटवण्याची चूक. तो मजकूर असतो युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-इंटरनेटवरच्या अक्षरपद्धतीत, आणि आपल्याकडं कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती अजून चालते. त्यात जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढं सरकते. एका तालमीतल्या पोरानं शिवजयंतीचा वीस बाय दहाचा फ्लेक्स असाच घरी बसून सेट केला आणि छापायला दिला. पहिल्याच शब्दातली ‘शि’ची वेलांटी ‘व’वर जाऊन बसली. काय वाचलं जात होतं, ते तुम्हीच बघा. रात्री बांधला, उजाडता उजाडता पेठेतली जुनी माणसं खाली जमली. पोरगं शिडीवर, खालून शिव्या. नवा फ्लेक्स आला तो मिरवणूक निघता निघता.

मी मजकूर श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा टाइप करतो. मजकूर आपोआप बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरवर माझा विश्वास नाही. अक्षरं कर्व्ह केल्याशिवाय, म्हणजे त्यांची चित्रासारखी आकृती केल्याशिवाय, फाइल मशीनला जात नाही. शेवटी कागदावर प्रिंट काढून गिऱ्हाइकाच्या हातात पेन देतो. स्क्रीनवर माणूस नुसता ‘ओके’ म्हणतो, सही करायची म्हटली की वाचतो.

हार्दिक, भावपूर्ण, आशीर्वाद, शुभेच्छुक. हे शब्द भिंतीवर लिहून ठेवा. गावाचं नाव कोल्हापूर, पण कोल्हापुरात, कोल्हापुरी. आपल्याच गावाला ऱ्हस्व ‘पु’ लावणाऱ्याला मी चहा पाजत नाही.

हिंदी वळणाचा ल आणि श नको. फॉन्ट बदला, विषय संपला.

आता फोटोंची गर्दी. कोल्हापूरच्या वेशीवर, तावडे हॉटेलजवळ साठच्या वेगानं येणारी गाडी सेकंदाला पंचावन्नएक फूट पुढं जाते. तेवढ्यात चाळीस शुभेच्छुकांची तोंडं कोण बघणार? दहा फुटांवरून नीट वाचायला अक्षर इंचभर उंच लागतं, शंभर फुटांवरून दहा इंच. कोल्हापूरचे चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर सिनेमाच्या आधी नाटकाचे पडदे रंगवायचे; पडदा शेवटच्या रांगेतून दिसावा लागतो. त्यांच्याच गावात ही गत! मी डिझाइन स्क्रीनवर काडेपेटीएवढं करून बघतो. जे वाचता येत नाही, ते काढतो. नेते रुसतात, रुसू देत.

‘येथे वाहन उभे केल्यास हवा सोडण्यात येईल’ कशाला? ‘गाडी लावू नका’ पुरे.

दुकानदारांनो, राज्याच्या दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर पाटीवर मराठी आधी हवं आणि त्याची अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत. कोपऱ्यात बारीक मराठी टाकून द्या, असं सांगणाऱ्याचं काम मी घेत नाही.