१७ नंबरने दहावी: घरी शिकणाऱ्या पोरांच्या आईबापांसाठी तयारीची यादी

होमस्कूलिंगवाल्या पोरांना स्टेट बोर्डाच्या दहावीला बसवायचं तर १७ नंबरचा, म्हणजे खाजगीरीत्या बसण्याचा, फॉर्म भरायचा, एवढं आता सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या पुढचं कोणी धड सांगत नाही. मोठीच्या वेळी मी फॉर्म भरला, पैसे भरले, पुस्तकं आणली आणि समजले की आता अभ्यास तेवढा राहिला. तोंडी आणि प्रात्यक्षिक कधी, कुठे, हे शाळेत जाऊन विचारलंच नाही. यंदा धाकट्याचं वर्ष आहे म्हणून हे खरं तर स्वतःसाठी लिहितेय, तुम्हाला उपयोगी पडलं तर घ्या.

सगळ्यात आधी शाळा सोडल्याचा दाखला. आधार, फोटो, ईमेल, चालू मोबाइल नंबर हे सगळं असतंच घरात, त्यावर बोलत नाही. दाखला मात्र मूळ प्रत लागते आणि हरवला असेल तर द्वितीय प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र, आणि हे आपल्याला आठवतं शेवटच्या आठवड्यात. मूल निदान पाचवी पास झालेलं लागतं आणि वयाची १४ पूर्ण लागतात. ज्यांनी मुलाला कधी शाळेत घातलंच नाही त्यांच्याकडे दाखला येणार कुठून, तर त्यांनी इथे डोकं आपटत बसू नका, सरळ एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त शाळेचं बोर्ड, बघा, तिथे दहावीला स्वतःच्या घोषणापत्रावर चालतं, विषय पाचच, पासिंग ३३, परीक्षा वर्षातून दोनदा. पण तिथेही टीएमए नावाची असाइनमेंट असते, २० टक्के, ती वेळेत अपलोड करा. म्हणजे लेखी सोडून जे काही असतं तेच आपण विसरतो, बोर्ड कुठलंही असो.

फॉर्म ऑनलाइन भरताना यादीतून एक शाळा निवडावी लागते, तिला संपर्क केंद्र म्हणतात. आपण काय करतो, घराजवळची दिसली की क्लिक. असं करू नका हो. पुढचं वर्षभर तुमचं बोर्डाशी जे काही नातं ते त्या शाळेच्या ऑफिसमधून जाणार आहे: परीक्षेचा अर्ज, हॉलतिकीट, प्रात्यक्षिक, तोंडी, मार्कशीट, सगळं. तेव्हा फॉर्म भरायच्या आधी दोनतीन शाळांमध्ये जाऊन या, क्लार्कशी बोला, १७ नंबरची मुलं दरवर्षी घेता का, त्यांचं प्रात्यक्षिक कोण घेतं, असं विचारा. ज्या ऑफिसमध्ये या प्रश्नाला पटकन उत्तर मिळेल ती शाळा घ्या, भले दोन बस बदलाव्या लागोत. माध्यमही तेव्हाच पक्कं करा.

ऑनलाइन फॉर्म सबमिट झाला की काम झालं नाही. त्याच्या प्रिंट, फीची पावती आणि मूळ कागद त्या शाळेत नेऊन द्यायचे असतात, आणि नावनोंदणी प्रमाणपत्र मिळालं की त्यावर नाव, आईचं नाव, जन्मतारीख आधारशी आणि दाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. मग पुढे परीक्षेचा अर्ज वेगळा भरायचा असतो, शाळेमार्फत. हे दोन वेगळे फॉर्म आहेत! १७ नंबर म्हणजे नावनोंदणी, परीक्षेचा अर्ज नाही. दुसरा राहिला तर पहिला भरून काही उपयोग नाही. मुलाला डिस्लेक्सिया किंवा तसं काही असेल तर जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलतींचं प्रमाणपत्र आणि अर्ज याच सुमाराला द्या, तासाला २० मिनिटं जास्त मिळतात, पण फेब्रुवारीत जाऊन मागितली तर कोण देणार.

आता मुख्य गोष्ट. तोंडी, प्रात्यक्षिक, अंतर्गत मूल्यमापन. प्रत्येक विषयाचे ८० लेखीचे आणि २० हे, सहा विषय म्हणजे ६०० पैकी १२०. पासिंग ३५ असताना २० मार्क घराबाहेर कुणाच्या तरी टेबलावर पडलेत आणि आपल्याला पत्ता नाही! ही तारीख तुम्हाला कोणी कळवणार नाही. शाळेतल्या पोरांना वर्गात सांगतात, फळ्यावर लिहितात, पालकांच्या ग्रुपवर टाकतात. आपलं मूल वर्गात नाही, आपण ग्रुपवर नाही. शाळेचाही त्यात फार दोष नाही, त्यांच्या डोक्यात आपण नसतोच. २०२५ ला प्रात्यक्षिकं ३ ते २० फेब्रुवारी आणि लेखी २१ फेब्रुवारीपासून होती, म्हणजे लेखीची वाट बघत बसलात तर हे केव्हाच आटपलेलं असतं. आमचं तेच झालं. विज्ञानाचं कसंबसं आउट ऑफ टर्नमध्ये, म्हणजे राहिलेल्यांसाठी नंतर घेतात त्यात, बसवलं, भाषांच्या तोंडीचे मार्क गेले ते गेलेच. म्हणून सांगते, डिसेंबरात एकदा शाळेत जा, जानेवारीत परत जा, आणि जानेवारी संपता संपता पुन्हा जा. फोनवर "कळवू मॅडम" म्हणतील, त्यावर विसंबू नका, स्वतः जा.

जाताना विचारायचं ते असं: विज्ञानाचे कुठले प्रयोग, प्रयोगवही कुठल्या नमुन्यात, सही कोण करणार, गणिताचा गृहपाठ आणि बहुपर्यायी चाचणी कधी, सामाजिक शास्त्रांचं काय जमा करायचं, मराठी-हिंदी-इंग्रजीची तोंडी एकाच दिवशी की वेगळी. जलसुरक्षा, संरक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण असले श्रेणीचे विषय आपल्या मुलाला कसे लागतात तेही तिथेच विचारा. प्रयोगवही घरी आधीच लिहून ठेवा, पण नुसती लिहून नाही, मुलाने एकदा तरी खऱ्या लॅबमध्ये ब्युरेट, भिंग, काचेचा लोलक हाताळलेला पाहिजे. किचनमधल्या सोडा-व्हिनेगरवर वाढलेली आपली पोरं तिथे पाहुण्यासारखी उभी राहतात. ओळखीच्या एखाद्या क्लासवाल्या सरांना पैसे देऊन दोन दिवस लॅब मागा, लाजू नका.

पुस्तकं. बालभारतीचीच. ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट आहेत, तरी छापील घ्या. मराठी पहिली भाषा असेल तर कुमारभारती, इंग्रजी माध्यमाला अक्षरभारती, चुकीचं आणलंत तर अर्धं वर्ष चुकीचे धडे होतात. आणि पोराला "सगळं येतं" असं समजू नका. आमच्या घरी इतिहासाचा प्रचंड नाद, शिवकाळ तोंडपाठ, आणि दहावीचं पुस्तक उघडलं तर त्यात इतिहासलेखन, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन! भूगोल अख्खा भारत आणि ब्राझील. गणित भाग १ मध्ये अर्थनियोजन म्हणून धडा आहे, जीएसटी आणि शेअर्सचा, तो होमस्कूलवाले हमखास सोडतात कारण घरात कुणालाच आवडत नाही. मार्क देणारा धडा आहे तो.

भाषांना कृतिपत्रिका असते, म्हणजे नुसत्या प्रश्नांऐवजी कृती दिलेला पेपर, आणि ती सरावाशिवाय जमत नाही. पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा, निबंध, सगळ्याला ठरलेला साचा आहे. आकृत्यासुद्धा पेननेच काढायच्या. आपल्या पोरांना मोकळं लिहायची सवय, ती छान लिहितात आणि मार्क जातात, कारण पत्रात विषय लिहिला नाही, दिनांक लिहिला नाही. हे मला पटत नाही, पण तपासणाऱ्याला माझ्या पटण्याशी काय करायचंय.

हाताने लिहायचा सराव. लॅपटॉपवर शिकलेलं मूल तीन तास पेन धरू शकत नाही, दीड तासात बोटं दुखायला लागतात आणि अक्षर जातं. दिवाळीनंतर दर रविवारी एक पूर्ण पेपर, ११ वाजता बसायचं, भाषा तीन तास, गणित-विज्ञान-इतिहास-भूगोल दोन तास, मध्ये उठणं नाही, खाणं नाही, मांजर नाही. शक्य असेल तर घराबाहेर, अनोळखी पोरांच्यात, एखाद्या क्लासच्या सराव परीक्षेला बसवा. शेजारी कुणीतरी भराभरा पुरवणी मागतंय हे बघून आमच्याकडे धीरच खचला होता. तपासायला स्वतः बसू नका, आई असताना मार्क जास्तच पडतात, कुठल्यातरी शिक्षकांना द्या. आणि हो, शाळेत गेलात का? तोंडीची तारीख?

हॉलतिकीट शाळेतूनच, सही-शिक्क्यासकट. विषय आणि माध्यम तपासा. परीक्षेचं केंद्र संपर्क केंद्राच्या शाळेपेक्षा वेगळं असू शकतं, आदल्या दिवशी जाऊन बघून या. सकाळच्या पेपरला साडेदहाला आत असायचं, दुपारच्याला अडीचला. पेपरच्या आधी वाचायला मिळायची ती १० मिनिटं आता २०२३ पासून शेवटी मिळतात, जुन्या व्हिडिओंवर जाऊ नका. बारकोड चिकटवणं, पुरवणीवर नंबर टाकणं घरी एकदा समजावून सांगा. भूगोलाचा नकाशा उत्तरपत्रिकेला बांधायला विसरू नको म्हणावं. पेन, कंपास, पाणी, साधं घड्याळ. पेपर झाल्यावर उत्तरं ताडू नका.

निकाल ऑनलाइन लागतो, २०२५ ला १३ मेलाच लागला. टक्के बेस्ट फाइव्हचे, म्हणजे सहापैकी जास्त मार्कांच्या पाच विषयांचे. एखादा विषय राहिला तर जून-जुलैची पुरवणी परीक्षा. मार्कशीट संपर्क केंद्रातूनच घ्यायची, अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाला ती लागते, आणि ती आल्याचंही तुम्हाला कोणी कळवणार नाही, तेव्हा तिथेही स्वतःच जाऊन विचारा.