डाऊनी मोजताय? मग या चुका टाळा

ऑक्टोबर छाटणी होऊन फूट निघाली की माझ्या व्हॉट्सॲपवर द्राक्षाच्या पानांचे फोटो पडायला लागतात. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव, कुठूनही. खाली एकच ओळ: "सर, किती टक्के आहे?" म्हणजे डाऊनी, हा द्राक्षाच्या पानांवर डाग पाडणारा रोग, बागेत किती आहे. एका पानावरून टक्के सांगता आले असते तर इतकी वर्षं सकाळी सहाला मी दवात भिजत बागा फिरलो नसतो. त्यातून फोटोतलं पान म्हणजे अख्ख्या प्लॉटमधलं सगळ्यात वाईट पान. चांगल्या पानाचा फोटो कोण काढतो?

हीच चूक बागेतही होते. नवी पोरं ओळीतून चालतात आणि डाग दिसला की पान तोडतात. याला मोजणं म्हणत नाहीत, शोधणं म्हणतात. शिवाय मोजायची सुरुवात गाडी लावली तिथून, म्हणजे रस्त्याच्या नाहीतर ओढ्याच्या कडेने. ओढ्याकडच्या ओळींत दव उशिरा उठतं, तिथे डाऊनी जास्तच असणार. मी घरून निघतानाच ठरवून टाकतो: प्रत्येक पाचवी ओळ, ओळीतली प्रत्येक दहावी वेल, त्या वेलीची हाताला येईल ती काडी आणि तिचं खालून पाचवं पान. पान स्वच्छ निघालं तरी तेच, वहीत शून्य. शून्य लिहायला लोकांना जिवावर येतं, का ते कळत नाही.

आता माझं खरं दुखणं. फवारणीनंतर त्याच पानांवर परत मोजायचं आणि आकडा उतरला नाही म्हणून परत फवारायचं.

निफाडकडच्या एका काकांचा थॉम्पसन जातीच्या द्राक्षाचा प्लॉट. मुलगा शिकलेला, वही व्यवस्थित. पहिल्या दिवशी 16 टक्के. फवारणी केली. चार दिवसांनी 16. औषध बदललं, परत फवारणी. मग 18. तिसऱ्यांदा फवारलं आणि मग मला फोन. सकाळी जाऊन पानं उलटी केली. डाग तपकिरी, कडक, खाली पांढऱ्या बुरशीचा मागमूस नाही. डागाची बारा पानं तोडली, ओल्या वर्तमानपत्रासोबत प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातली आणि रात्रभर त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या फडताळात अंधारात ठेवली. डाऊनीला बीजाणू धरायला रात्रीचा अंधार आणि दमट हवा लागते. डाग जिवंत असेल तर सकाळी पानाखाली कापूस दिसतो. दुसऱ्या दिवशी एका पानावर दिसला. बाकीची अकरा गप्प. काका बराच वेळ त्या पिशव्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी मेलेल्याला औषध पाजत होतो?"

तसंच होतं. पानाचा मेलेला भाग परत हिरवा होत नाही, डाग पान गळेपर्यंत तिथेच राहतो. शिवाय संसर्ग झाल्यावर डाग दिसायला हवामानाप्रमाणे चार दिवस ते दहा-बारा दिवस जातात. म्हणजे फवारणीनंतर दिसलेला 'नवा' डाग बऱ्याचदा फवारणीआधीचाच असतो. मी फवारणीच्या दिवशी दहा-पंधरा काड्यांवर शेवटच्या उघडलेल्या पानाच्या देठाला लाल लोकरीचा धागा बांधतो. पुढे निकाल बघायचा तो धाग्याच्या वरच्या पानांवर. खालचं सगळं जुनं खातं. धागे बांधायला पाऊण तास जातो. तेवढा वेळ नसलेल्यांना तीन फवारण्यांना मात्र वेळ असतो.

भुरी हा द्राक्षाचा दुसरा रोग, पानावर पांढरी पूड धरणारा. पण पांढरं दिसलं की भुरी लिहू नका. बोअरच्या क्षारांचे आणि वाळलेल्या औषधाचेही डाग पांढरेच. दहापटीचं भिंग खिशात ठेवा. भुरी आणि डाऊनीची गल्लत तर महागातच पडते. काटेकोर बोलायचं तर डाऊनी ही खरी बुरशीच नाही, बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्याच्या गोतातली. त्यामुळे भुरीवर चालणारी ट्रायझोल गटातली औषधं तिच्यावर काम करत नाहीत.

नुसतं "40 टक्के" म्हणू नका, कशाचे ते सांगा. समजा 50 पानं पाहिली. 30 स्वच्छ. 12 पानांवर पाव भागापर्यंत डाग, त्यांना 1 गुण. 5 पानं अर्ध्यापर्यंत, 2 गुण. 2 पानं पाऊण भागापर्यंत, 3 गुण. एक पान त्याहून जास्त, 4 गुण. रोगट पानं 20, म्हणजे 40 टक्के. पण गुणांची बेरीज 32, जास्तीत जास्त गुण 200, म्हणून तीव्रता 16 टक्के. प्लॉट एकच, आकडे दोन. शेजाऱ्याचा 40 आणि तुमचा 16 शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही.

बारीक बारीक ठिपके असले की डोळा ते हमखास जास्त मोजतो. सुरुवातीचे काही दिवस चौकटीच्या कागदावर पान ठेवून चौकोन मोजा.

एका प्लॉटला मोजणारा माणूस एकच ठेवा. सोमवारी बापाने आणि गुरुवारी लेकाने मोजलं तर फरक रोगाचा की नजरेचा, कोणालाच सांगता येत नाही.

दुपारी बारानंतर डाऊनी मोजायला जाऊ नका, पांढरी लव तोवर सुकून गेलेली असते. आणि पेन नको, पेन्सिल न्या. दवात बॉलपेन उठत नाही.