जांभळ्या फाउंटन ग्रासला तुरे येत नसतील तर

या शोभेच्या गवताची पाती लांबुळकी, लुळी आणि जांभळ्याऐवजी हिरवट दिसत असतील, तर ऊन कमी पडतंय. कुंडी रोज किमान 6 तास थेट ऊन मिळेल अशा जागी हलवा. बाकीचे उपाय त्यानंतर. युरिया बंद करा, जादा नत्राने नुसती पाती माजतात.

फेब्रुवारीअखेर ठोंब 10-15 सेंमीवर छाटा. पुढे मात्र कात्री लावू नका. तुरा फुटव्याच्या शेंड्यातूनच निघतो. गुंडाळलेल्या पात्यात तो बोटाला जाडसर लागतो, आणि आकार देण्याच्या नादात नेमका तोच कापला जातो.

ठोंब मधे वाळून पोकळ झालाय? छाटणीनंतर उपटा, कडेचे 4-5 फुटव्यांचे गड्डे वेगळे लावा, मधला वाळका भाग टाकून द्या. पाणी वरची माती सुकल्यावरच.